पोह्यांच्या डब्यातलं शेवटचं पाकीट

आधी माफी मागते. माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे, आणि अक्षर असं की किराणावाल्याला दिलेली यादीसुद्धा मलाच वाचून दाखवावी लागते. चौथीनंतर पेन हातात धरलं ते रेशनकार्डावर सही करण्यापुरतं. तू जी कोणी हे वाचशील — बाईच असशील असं धरून चालते, पुरुषासमोर मला हे लिहितासुद्धा येणार नाही — तू जिथे अडशील तिथे अंदाजाने पुढे जा.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. मंगळवारी प्रभादेवीला चालत जायचे, गणपतीच्या रांगेत उभी राहून ठरवायचे की आज सांगायचं. मूर्तीपुढे गेले की मुलाच्या नोकरीचं मागून परत यायचे. देवालासुद्धा जे सांगितलं नाही ते कागदाला कसं सांगू? बघते.

गोळीपासून सुरू करते. कारण त्या गोळीचं मला पहिल्यांदा जे नवल वाटलं ते अजून गेलेलं नाही.

तेव्हा संप मोडून काही वर्षं झाली होती. मोडला असंही कुणी म्हणत नव्हतं, नुसता राहून गेला होता. आमचे हे गिरणीच्या साचेखात्यात, मागावर होते. गिरणी बंद, भोंगा बंद. लालबागच्या आमच्या चाळीत सकाळी किती वाजले ते कळेना, इतकी त्या भोंग्याची सवय होती. माझा मुलगा दोन वर्षांचा होता आणि दुसरं पोटात राहिलं तर काय, या भीतीने मला झोप नसायची. अशात महापालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टर जिने चढून वर आल्या. मला दवाखान्यात नेऊन तपासलं, आणि हातात एक पट्टी दिली. "रोज एक घ्यायची. पांढऱ्या संपल्या की या तांबड्या, त्या रक्तवाढीच्या. त्या संपल्या की नवीन पाकीट."

मी विचारलं, "किती पैसे?"

"सरकारचं आहे. फुकट."

फुकट! त्या दिवसांत वाण्याकडे उधारी बंद, रॉकेलची बाटली शेजारणीकडून मागून आणायची, आणि ही वस्तू फुकट. मी ती गोळी तळहातावर घेऊन बघत बसले. मसुरीच्या डाळीएवढी. माझी आजी दहाव्या बाळंतपणात गेली. आई दर वेळी म्हणायची, देवा आता पुरे. देवाने ऐकलं नाही. मी गावच्या शाळेत चौथीत होते तेव्हा धाकटा भाऊ झाला. त्या दिवसापासून तो माझ्या कडेवर आणि माझी पाटी कोनाड्यात. कुणी मला शाळेतून काढलं नाही, गं. कडेवर मूल दिलं, एवढंच. आणि आता ही मसुरीची डाळ. माझ्या आजीने, आईने जे नवस करून मागितलं ते ही देते? पुढे महिन्यांमागून महिने माझे दिवस ठरल्या वेळेला यायला लागले. गिरणगावात बाकी कशालाच वेळ राहिली नव्हती. मला वाटायचं, एक भोंगा तेवढा चालू राहिला आहे आणि तो माझ्या अंगात आहे.

सिस्टरनी मग चाळीची पाकिटं माझ्याकडे ठेवायचं ठरवलं. ज्या बायकांना तपासून गोळ्या चालू केल्या होत्या, त्यांनी दर महिन्याला दवाखान्यात जाऊन रांग लावण्यापेक्षा माझ्याकडून न्यायच्या. मीच का? तर म्हणाल्या, "तू बोलत नाहीस म्हणून." खरंच मी बोलत नसे. नळावर माझा नंबर गेला तरी बोलत नसे. मी पाकिटं पोह्यांच्या डब्यात तळाशी ठेवायची, वर पोहे. बायका वाटी घेऊन यायच्या आणि दारातूनच म्हणायच्या, "मंदा, विरजण आहे का गं?" मी वाटीत पाकीट घालून वर बशी झाकून द्यायची. घरातल्या पुरुषांना संशय नको म्हणून ही आमची तऱ्हा.

माझ्या सासूबाई मालवणकडच्या. त्या एकदा कातावल्याच. "घरात थेंबभर दूध नाय, आणि ह्या बायका विरजण खयचा व्हरतत गो?"

यमुना दारात उभी होती. ती म्हणाली, "आजी, तुमच्या सुनेच्या हाताला गुण आहे. पाण्याचंपण दही लागतं."

यमुना दोन खोल्या सोडून राहायची. तिचा नवराही गिरणीतलाच, संपानंतर दारूला लागलेला. तीन मुलं, थोरली सुनंदा. यमुना मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांची देठं खुडायला जायची. तिच्या पदराला सतत मिरचीचा खकाणा, ती आली की आधी शिंक यायची आणि मग हसू. माझ्यासारख्या मुखदुर्बळ बाईला तीच काय ती मैत्रीण होती. हे नीट लक्षात ठेव. परक्या बाईचं नव्हे, मी तिचं वाईट केलं.

आता गिरगावचं सांगते.

आमच्याकडे पैसे येईनासे झाले तेव्हा मी ठाकूरद्वारला एका घरी पोळ्या करायला लागले. मोठं घर, सोवळंओवळं कडक. त्या घरच्या सूनबाई, नलूवहिनी, स्वभावाने चांगल्या. एका गणपतीच्या आधी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि पोळपाटाशेजारी उभ्या राहून पुटपुटल्या, "मंदाबाई, तुम्हाला काही औषध ठाऊक आहे का हो? गौरी बसायच्या त्याच दिवशी माझी तारीख येते. गेल्या वर्षीही मी बाजूलाच बसले होते. सासूबाई म्हणतात, हिला दर वर्षी बरं जमतं."

मी म्हटलं, "दुकानात मिळतात ना गोळ्या."

"कोपऱ्यावरचा मेडिकलवाला मामंजींकडे रोज गप्पांना येतो. मी काय घेतलं ते माझ्या आधी घरी पोचेल."

नवल बघ. एवढं मोठं घर, पैशाला कमी नाही, आणि ही बाई शंभर पावलांवरच्या दुकानातून एक गोळी आणू शकत नाही. आणि मी, जिच्या घरी डाळ नाही, माझ्या पोह्यांच्या डब्यात ती वस्तू पडून आहे! मला सिस्टर सांगून गेल्या होत्या की त्याच गोळ्या थोड्या आधीपासून घेत राहिलं तर पाळी पुढे जाते. मी दुसऱ्या दिवशी एक पट्टी नेऊन दिली. मी काही मागितलं नव्हतं. त्यांनी पाचाची नोट माझ्या पिठाच्या हातात कोंबली.

आणि गौरीच्या दिवशी नलूवहिनी पैठणी नेसून, नथ घालून, स्वतःच्या हाताने गौरीला हळदकुंकू वाहत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. देवीपुढे ती बाई उभी होती ती माझ्या डब्यातल्या गोळीने. मी — चौथी शिकलेली, तोंडातून शब्द न फुटणारी — मी हे केलं? त्या दिवशी मला त्या घरात पहिल्यांदा खुर्चीवर बसवून चहा मिळाला. कपबशीत.

मग एकीने दुसरीला सांगितलं. सत्यनारायण, नवरात्र, कुणाची मुंज, कुणाच्या नणंदेचं लग्न. त्या वाडीतल्या सगळ्या माझी वाट बघायच्या. आता पाच काय, सणासुदीला दहासुद्धा द्यायच्या. पाकिटावर छापलेलं असायचं — विक्रीसाठी नाही. मी वरचा कागद काढून नुसती पट्टी न्यायची. चौथीपर्यंत वाचायला शिकल्याचा मी हा उपयोग केला. सिस्टर विचारायच्या, एवढी पाकिटं लागतात? मी मान हलवायची. न बोलणाऱ्या बाईवर कोण संशय घेतं?

तू म्हणशील, पोटासाठी केलंस. थोडं पोटासाठी होतं. त्या पैशांत रॉकेल आलं, मुलाला दूध आलं. पण सगळं तेवढ्यासाठी नव्हतं. ती कपबशी होती. "मंदाबाई, तुमच्याशिवाय आमचं काही खरं नाही" हे ऐकायला मी ठाकूरद्वारला जात होते. लालबागमध्ये मी विरजणवाली होते.

पुढच्या वर्षीचा गणपती. सिस्टर त्या महिन्यात आल्या नाहीत. दवाखान्यात माल उशिरा येणार होता. मी होता तो सगळा गिरगावला देत गेले होते आणि डब्यात एकच पाकीट उरलं होतं. ते नलूवहिनींना कबूल केलेलं. दहा रुपयांची नोट त्यांनी आधीच दिली होती आणि माझी मोडूनही झाली होती.

संध्याकाळी यमुना वाटी घेऊन आली.

"विरजण आहे का गं?"

मी म्हटलं, "संपलं."

तिचा चेहरा उतरला. "सगळं? बघ ना एकदा. माझं काल संपलं. ह्यांचा काही नेम नाही, तुला ठाऊक आहे."

मी डबा काढला. झाकण उघडलं. डबा माझ्याकडे कलता धरला. पोहे बोटांनी बाजूला केले. पाकीट माझ्या बोटांना लागलं. मी म्हटलं, "नाही गं. पुढच्या आठवड्यात येईल."

"बरं," यमुना म्हणाली, आणि वाटी पालथी घालून गेली.

एवढंच. यापेक्षा मोठं काही मी आयुष्यात केलं नाही. चोरी नाही, मारामारी नाही. पण थांब, अजून पुरतं सांगितलेलं नाही. खरं ते दुसऱ्या दिवशीचं आहे.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, हसत हसत. म्हणाली, "काल काय झालं ऐक. मिरचीचे पैसे मिळाले होते, म्हटलं मेडिकलमधून घेऊन टाकू. गेले तर समोर सगळे बाप्येच. मी आपली मागे मागे. शेवटी हळूच सांगितलं, तर तो मेला एवढ्या मोठ्याने ओरडला, 'डॉक्टरची चिठ्ठी कुठाय? नवऱ्याला पाठव!' सगळे वळून बघायला लागले. मला काही सुचेना. म्हटलं, डोकं दुखतंय. तर डोकेदुखीची गोळी दिली. आता ती नवऱ्याला घालते, तोच उठल्यासुटल्या माझं डोकं उठवत असतो!"

ती इतकी हसली की तिला खोकला आला. आणि मीही हसले. डबा माझ्या पाठीमागे फळीवर होता. पाकीट त्यात होतं. हात मागे केला असता तरी पुरला असता. मी नलूवहिनींना सांगू शकले असते, नाही मिळालं, पैसे पोळ्यांतून कापून घ्या. त्या फार तर बाजूला बसल्या असत्या. चार दिवस. पण मी यमुनेबरोबर हसत राहिले, आणि सकाळी पट्टी कमरेला खोचून ठाकूरद्वारला गेले.

दिवस गेल्याचं तिला कळलं ते फार उशिरा. अर्धपोटी बाईची पाळी तशीही मागेपुढे होत असते. सिस्टर आल्या, पाकीट दिलं, तेव्हा आधीच राहिलं होतं. मिरचीच्या वासाने तिला उलट्या व्हायला लागल्या. मालकाने दोन वेळा सांभाळून घेतलं, तिसऱ्यांदा घरी पाठवलं. त्या हिवाळ्यात तिने भांडी विकली. मी तिला डाळ नेऊन द्यायची. ती म्हणायची, "मंदा, तुझ्यासारखी तूच." मी ऐकून घ्यायची. ऐकून घेतलं, गं, मी तेसुद्धा.

मुलगी झाली ती जूनच्या तोंडावर. स्वाती.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली. चाळीतली पोरं नव्या वह्या घेऊन जिना उतरली. सुनंदा चौथी पास झाली होती, चांगल्या मार्कांनी. ती गॅलरीत उभी होती आणि तिच्या कडेवर स्वाती होती. यमुना मिरच्यांवर परत गेली होती. कुणीच सुनंदाला शाळेतून काढलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं आणि मला ती उभं राहायची पद्धत ओळखीची वाटली. कंबर एका बाजूला काढून, पाय फाकवून. मी तशीच उभी राहायचे. वर्षभराने ती आईच्या शेजारी देठं खुडायला बसली. रात्री तिची बोटं जळायची म्हणून गोडेतेल मागायला माझ्याकडे यायची. वाटी घेऊन.

मी सिस्टरना सांगितलं, मला आता जमत नाही. पाकिटं दुसऱ्या बाईकडे गेली. ठाकूरद्वारचं कामही सोडलं. कारण दोघींनाही सांगितलं नाही.

आता जे सांगणार आहे ते सांगावं की नाही, कळत नाही. पण त्याच्यावाचून हे खोटं होईल.

स्वाती मोठी झाली. ती बसमध्ये कंडक्टर आहे. मागे एकदा मी नायगावला नणंदेकडे जायला बसमध्ये चढले तर मागून आवाज आला, "मावशी, ओळखीच्या असलात तरी तिकीट लागतं हां!" खाकी कपडे, केसांचा घट्ट अंबाडा, एका हाताने दांडा धरलेला. एका माणसाने सुट्यांवरून हुज्जत घातली तर तिने त्याला असं काही सुनावलं की अख्खी बस हसली. अगदी यमुनेचा आवाज. मी तिकीट हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. तिच्या कपाळावरचा घाम, चपलेचा तुटलेला अंगठा, हसताना दिसणारा वाकडा दात. हे सगळं — हा अख्खा माणूस — मी त्या दिवशी डबा स्वतःकडे कलता धरला म्हणून आहे? मला भीती वाटली. देवळातही कधी वाटली नाही तशी. माझा थांबा मागे गेला तरी उतरायचं सुचलं नाही.

कुणी म्हणेल, बघ, वाईटातून चांगलंच झालं. मी असं म्हणणार नाही. स्वाती आहे ती तिच्या जोरावर आहे, माझी त्यात काही पुण्याई नाही. आणि तिला पहिलं पाऊल टाकायला शिकवलं ते सुनंदाने, शाळेच्या वेळात.

मी घेतलेल्या पैशांचा हिशेब मला तोंडपाठ होता. भाजीतून, मुलाने दिलेल्या पैशांतून वाचवत गेले. तेव्हाच्या रुपयाला आज काय मोल, म्हणून कितीतरी पटींनी वाढवून धरले. सरकारची वस्तू होती, म्हणून आधी दवाखान्यात गेले. नवीन सिस्टर होत्या, माझ्या नातीच्या वयाच्या. माझ्या पुढे एक कॉलेजची मुलगी होती, पाठीला सॅक. तिने टेबलाशी जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गोळ्यांचं पाकीट मागितलं. सिस्टरनी दोन प्रश्न विचारले, पाकीट दिलं, एखादी घ्यायची विसरली तर काय करायचं ते सांगितलं. मुलीने ते सॅकमध्ये टाकलं आणि फोनवर बोलत निघून गेली. वाटी नाही, बशी नाही, पदर नाही. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मी बाकावर बसून राहिले. एवढं सोपं होतं हे? एवढंच सोपं असायचं होतं?

माझी पाळी आली तेव्हा मी पिशवी पुढे केली आणि म्हटलं, जुनं देणं आहे, जमा करून घ्या. सिस्टर हसल्या. "आजी, गोळ्यांचे पैसे घ्यायची खिडकीच नाहीये इथे."

तेव्हा मी यमुनेकडे गेले.

चाळ पडून तिथे आता उंच इमारत झाली आहे, यमुना सतराव्या मजल्यावर राहते. डोळ्यांना दिसत नाही फारसं. सुनंदाची मसाल्याच्या गल्लीत स्वतःच्या दुकानाची छोटी गादी आहे, त्या दिवशी ती घरीच होती. मी पिशवी, आत रकमेचा आकडा लिहिलेली चिठ्ठी घालून, यमुनेच्या मांडीवर ठेवली.

"कसले गं?"

"तुझे आहेत. संपाच्या वेळचे."

"मी तुला दिले होते?" ती हसली. "तेव्हा कुणाकडे होते मेले! कोण कुणाचं काय देणं लागत होतं, तुला बरं आठवतं."

हीच वेळ होती. खोलीत आम्ही तिघीच होतो. तोंड उघडलं — आणि म्हटलं, "आठवतं मला." बस. पैसे दिले आणि सांगितलं नाही. हेही इथे लिहून ठेवते.

यमुनेने पिशवी लेकीकडे सरकवली. "सुनंदे, मोज गं. मला दिसत नाही."

सुनंदा मोजायला लागली. कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटत होत्या. दुसरी कुणी असती तर बोटाला थुंकी लावली असती. सुनंदाने लावली नाही. मिरचीच्या हातांना लहानपणीच लागलेली सवय, बोट तोंडाकडे जातच नाही. ती एकेक नोट नखाने सोडवत, ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत राहिली, आणि मी तिच्या त्या बोटांकडे बघत उभी राहिले.

मग तिने सगळ्या नोटा एकत्र करून मांडीवर ठोकून सरळ केल्या.

"बरोबर आहेत, मावशी," ती म्हणाली. "सगळे आले. काही बाकी नाही."